पेट्रोल कॉक कोण बंद करत होतं?

पेट्रोलचा कॉक बंद होता आणि मी कार्बोरेटर चार वेळा खोलला. चूक इथेच कबूल करून टाकतो, म्हणजे तुम्हाला हसायचं ते आत्ताच हसून घ्या... पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. माझाच काय, आमच्या अख्ख्या घराचा नव्हता. आम्ही बौद्ध. बाबांनी आयुष्यभर बावीस प्रतिज्ञा पाळल्या – श्राद्ध नाही, पिंड नाही, अंगारा-धुपारा नाही. मेलेला माणूस घरात दिसला असं कुणी सांगायला लागलं की बाबा विचारायचे, "मग चहा दिला का त्याला?" विषय तिथेच संपायचा.

घर नाशिकला, सिडकोत, उत्तमनगरला. पुढे ओटा, ओट्याला लोखंडी ग्रील, ग्रीलला कुलूप आणि आत बाबांची मोटारसायकल. वीस वर्षं जुनी, हंड्रेड सीसी. बाबा कारखान्यात फिटर. गाडी लावली की वाकून टाकीखालचा कॉक बंद करायचे – "जुन्या कार्बोरेटरवर रात्रभर भरवसा ठेवू नये, पाझरतो." मी कधीच करायचो नाही. मग माझ्या मागून येऊन ते करायचे. सकाळी मी घाईत तसाच निघायचो आणि कार्बोरेटरच्या वाटीतलं तेवढं पेट्रोल संपलं की त्रिमूर्ती चौकाच्या अलीकडे बंद पडायचो. फोन केला की पलीकडून फक्त – "कॉक बघ, गाढवा."

मागच्या हिवाळ्यात बाबा गेले. झोपेतच. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले आणि मी बाबांची गाडी काढून कामावर निघालो. पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर आहे मी. त्रिमूर्ती चौकाच्या अलीकडे गाडी बंद.

आता तुम्ही म्हणाल, कॉक का नाही बघितलास? अहो, कॉक बंद करणारा माणूसच राहिला नव्हता... डोक्यातच आलं नाही.

ढकलत घरी आणली. मोबाइलवर व्हिडिओ लावला, ओट्यावर पेपर पसरला आणि कार्बोरेटर खोलला. पेट्रोलचा पाइप काढला तर एक थेंब सांडला नाही – आपलं काम किती स्वच्छ, म्हणून मी खूश! जेट फुंकले, फ्लोट हलवून बघितला, शेवटी एक स्क्रू उरला तो खिशात टाकला. किक मारतोय, मारतोय... ढिम्म. असं चार वेळा. मग ढकलत सलीमभाईंकडे. हे आमच्या कोपऱ्यावरचे मेकॅनिक, बाबांचे दोस्त. त्यांनी खाली वाकून पकडीने कॉक फिरवला, जरा थांबले, एक किक मारली. गाडी सुरू.

"चार बार खोला?" सलीमभाई म्हणाले. "बाप को मत बताना तेरे."

आणि मग एकदम खाली बघून ते पक्कड पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉक परत बंद. आदल्या संध्याकाळी मी स्वतः बघून चालू ठेवला होता.

"आई, कॉक तू बंद करतेस का?"

"मला मेलीला कणीक मळवत नाही, तुझा कॉक काय फिरवू!"

खरंच होतं. तिला संधिवात आहे आणि तो कॉक इतका कडक की मलाही पक्कड लागायची. बिनपकडीचा तो फक्त बाबांच्या बोटांना फिरायचा. घरात आम्ही दोघंच, ग्रीलची किल्ली माझ्या उशाखाली. तरी रोज सकाळी कॉक बंद. एकदा मी चालू कॉकवर काळा टेप गच्च गुंडाळला. सकाळी कॉक बंद... आणि टेप व्यवस्थित सोडवून टाकीवर चिकटवलेला.

माझी टरकली. सरळ सलीमभाईंकडे जाऊन नवा कॉक बसवून घेतला. दुसऱ्या सकाळी – चालू. तिसऱ्या सकाळी – चालू. लढाई जिंकल्यासारखा मी चहा पिता पिता आईला म्हणालो, "झालं काम! आता नाही बंद होत."

आईने हातातली बशी खाली ठेवली.

चौथ्या दिवशी लवकर जाग आली. बघतो तर आई ओट्यावर, गाडीशी वाकलेली. वाकड्या बोटांनी कॉक चाचपत होती.

"बंद नाहीये रे..." ती म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी उठायच्या आधी ती रोज येऊन बघायची. कॉक बंद असला की आत जाऊन चहा टाकायची, भाजी चिरताना चक्क गुणगुणायची. आणि मला वाटत होतं, आई आता सावरतेय.

"अगं, मग सांगायचं ना मला!"

"काय सांगायचं? आपल्यात मानत नाहीत हे. तुझ्या बाबांनाच पटलं नसतं."

मी तसाच चपला सरकवून सलीमभाईंकडे पळालो. भंगाराच्या डब्यातून जुना कॉक शोधून काढला, परत बसवला. आता रोज सकाळी आम्ही दोघंही बघतो. आधी आई, मग मी. कित्येक महिने झाले... कॉक चालूच असतो.

सलीमभाई म्हणतात, वॉशर झिजला असेल, हादऱ्याने आपोआप फिरत असेल. पण उभ्या गाडीला हादरा कसला? आणि टेप? तुमच्याकडे उत्तर असेल तरी मला नको... मला तो कॉक एकदा बंद झालेला हवाय.

परवा आई मेथी निवडत बसली होती. शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, "आई, चुकलं गं माझं."

तिने वर बघितलंच नाही. म्हणाली, "जन्मात एक काम धड केलंस, तेही नको ते."