अकराव्या नंबरचं गाव

नवरा इथे आखातात, अहमदीच्या तेल कंपनीत सेफ्टी इंजिनियर आहे. जगात काय काय बिघडू शकतं याची यादी करायचा त्याला पगार मिळतो, आणि घरी तो तेच काम फुकट करतो. मी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. माझ्याबद्दलही तो असंच काहीतरी म्हणत असेल, पण माझ्यासमोर नाही.

मेमध्ये ईदच्या सुट्टीला रजा जोडून युरोपला जायचं ठरलं. अ‍ॅमस्टरडॅमला उतरायचं आणि तिथून रेल्वेने झ्युरिक. विचारणाऱ्यांना आम्ही ‘मुलगी बारावी झाली ना, म्हणून’ असं सांगत होतो. खरं कारण वेगळं होतं. मुलगी बापाशी बोलत नव्हती.

फेब्रुवारीत तिला जर्मनीतल्या एका कॉलेजातून पत्र आलं, फर्निचर डिझाइन शिकायला ये म्हणून. घरात चर्चा झाली. म्हणजे दार लावून मी बोलले आणि नवऱ्याने ऐकलं. सुतारकाम शिकायला पोरीला जर्मनीला कोण धाडतं? पुण्यात आर्किटेक्चर करू दे, आजी-आजोबा आहेत, मावशी आहे. तो म्हणाला, “एकदा विचार तरी करू.” मी म्हणाले, “केला.” तिला नाही म्हणून सांगायचं काम अर्थातच त्याच्याकडे गेलं. त्याने माझं नाव घेतलं नाही. ‘मला योग्य वाटत नाही’ एवढंच म्हणाला आणि वाईटपणा स्वतःच्या डोक्यावर घेऊन झोपायला गेला.

तेव्हापासून ती त्याच्याशी बोलेना. माझ्या मात्र गळ्यात पडायची. “आई, ॲट लीस्ट तू तरी मला समजून घेतेस.” मी समजून घेत होते. इतकी समजूतदार आई आम्ही राहतो त्या अख्ख्या रिग्गईत दुसरी नसेल.

एप्रिलमध्ये मलाच माझी लाज वाटायला लागली. मी नवऱ्याला म्हटलं, “खरं काय ते मी सांगते तिला.”

“ट्रिपमध्ये सांग,” तो म्हणाला. “निवांतपणे.”

म्हणजे त्या सहलीत मला एकच गोष्ट करायची होती. बाकीच्या गोष्टींसाठी नवऱ्याने एक्सेल उघडलं.

त्याची पाठ दुखते. सबाह अल-सालेमला राहणारी माझी मैत्रीण हाडांची डॉक्टर आहे, ती ती पाठ बघते. तिने बजावलं की एका बैठकीत चार तासांवर प्रवास करायचा नाही, मध्ये एक रात्र कुठेतरी उतरा. वर सल्लाही दिला, तो न मागता मिळतोच. “पण छोट्या गावात नका हं उतरू. तिथे असतं काय बघायला? आम्ही अकरा दिवसांत सात देश केले, आणि रोज रात्री पनीर!” तिला सातही देश पनीरच्या क्रमाने आठवतात.

नवऱ्याला मात्र छोटंच गाव हवं होतं, कारण मोठ्या स्टेशनांवर खिसेकापू असतात. नकाशावर रूळ धरून त्याने चौदा गावं काढली. हॉटेलात लिफ्ट आहे का, स्टेशनवर सरकता जिना आहे का, भारतीय जेवण किती लांब, दवाखाना किती लांब. प्रत्येकाला गुण. हिरवा रंग म्हणजे सुरक्षित, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे मरण. पुढचे तीन शुक्रवार आम्ही ही चौदा गावं चघळली. एकाही गावाबद्दल कुणी ‘छान दिसतंय’ असं म्हणालं नाही. पहिल्या नंबरावर जे गाव आलं त्याच्यात तीन दवाखाने होते. मी म्हटलं, “वा, सुट्टी घालवायला अगदी योग्य.”

त्या संध्याकाळी मुलगी कानात इअरफोन घालून पाणी प्यायला आली. टेबलावरच्या नकाशाकडे तिने पाहिलं, एका ठिपक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “धिस वन.” आणि गेली.

बोलली ती टेबलाशी. पण नवरा त्या टेबलापाशी बसला होता, त्याच्यासाठी तेवढं पुरे होतं. ते गाव त्याच्या यादीत अकरावं होतं. हॉटेलला लिफ्ट नव्हती, दवाखाना शेजारच्या गावात. लालेलाल. त्याने शांतपणे ती सगळी ओळ हिरवी केली. मी म्हटलं, “अरे, सेफ्टीचं काय?” तो म्हणाला, “मला हे गाव ठीक वाटतंय.” एवढं सोपं होतं तर तीन शुक्रवार मी काय घोडं मारलं होतं?

तारीखही त्यानेच ठरवली. “शुक्रवार-शनिवार नको, वीकएंडला सगळं बंद असतं. रविवारी पोचू. कामाचा दिवस, सगळं चालू असेल.” आम्ही दोघींनी माना डोलावल्या. वीस वर्षं आमचा आठवडा रविवारी सुरू होतोय. रविवारी पहाटे त्याची कंपनीची बस, सातला माझी लॅब, आणि मुलीच्या लेखी रविवार म्हणजे गणिताचा पहिला तास. धोक्यांच्या यादीत खिसेकापू होते, रेल्वेचा संप होता, मधमाशा चावण्याचीही सोय होती. युरोपात रविवारी सुट्टी असते, ही गोष्ट तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. वर आम्ही तिघंही स्वतःला शिकलेले समजतो.

रविवारी दुपारी त्या गावात उतरलो तर चिटपाखरू नाही. स्टेशनवरची बेकरी बंद, किराणा बंद, भारतीय हॉटेल बंद. आमच्या इथल्या जमियात, म्हणजे सहकारी दुकानात, ईदच्या दिवशीसुद्धा ब्रेड आणि दूध मिळतं, इथे पाण्याची बाटली मिळेना. एक आजोबा कुत्रा घेऊन फिरत होते. त्यांनी आमच्याकडे बघितलं, आमच्या सहा बॅगांकडे बघितलं आणि कुत्र्याला घेऊन पलीकडच्या फुटपाथवर गेले. नवऱ्याला ओझं उचलायची बंदी, म्हणून त्या सहा बॅगा आम्ही दोघींनी जिन्याने तिसऱ्या मजल्यावर नेल्या. हिरवी ओळ!

मग नदीकाठच्या बाकावर बसून घरून आणलेल्या दशम्या खाल्ल्या. तिघं एका बाकावर, मी मध्ये. कुठे जायचं नव्हतं, काही बघायचं नव्हतं. आता सांगावं, असं मनात आलं. तोंड उघडलं आणि म्हणाले, “किती शांत आहे ना इथे?” तीन महिने मी हेच करत आले होते.

मुलगी उठली. “मला काहीतरी बघायचंय. कम ऑन.” फोन न बघता ती चालायला लागली. पुलावरून पलीकडे, चर्चच्या मागून डावीकडे. कितीतरी वेळा येऊन गेल्यासारखी चालत होती. आम्ही मागून. एका हिरव्या लोखंडी गेटपाशी ती थांबली. आत काचेचा लांबलचक वर्कशॉप होता, आणि काचेतून अर्धवट झालेल्या खुर्च्या दिसत होत्या. तिने बेल दाबली. पुन्हा दाबली. मी पाटी वाचली आणि मला कळलं, हेच ते कॉलेज. फेब्रुवारीतलं ते पत्र मी पहिल्या परिच्छेदापुढे वाचलंच नव्हतं. गावाचं नाव दुसऱ्या परिच्छेदात असणार.

तिने दोन्ही हातांनी गज धरले. “बंद. ऑफ कोर्स.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आई, बाबाने मुद्दाम रविवार काढला. त्याला माहीत होतं. मला आत जाता येऊ नये म्हणून.”

नवऱ्याने ते पत्र दोनदा वाचलं होतं, अगदी शेवटच्या सहीपर्यंत. म्हणूनच त्याने ती ओळ हिरवी केली होती, आणि तिला कॉलेज चालू असताना बघता यावं म्हणून रविवार धरला होता. हे सगळं तो सांगू शकला असता. तो बुटांकडे बघत उभा राहिला, आणि मला माझी शरम वाटली.

“बाबाने नाही,” मी म्हणाले. “नको मी म्हटलं होतं. त्याला तू इथे यावंस असं वाटत होतं. मीच नको म्हटलं आणि त्याला सांगायला पाठवलं.”

एवढी चार वाक्यं. ती बोलायला मला तीन महिने आणि एक व्हिसा लागला.

ती रडली नाही, ओरडली नाही. गेटवरची वेळेची पाटी वाचली. मग बापाकडे वळली.

“बाबा, उद्या ट्रेन कितीला आहे?”

“नऊ चाळीस.”

“हे आठला उघडतं. इथे लिहिलंय.”

“जाऊ ना,” तो म्हणाला. “साडेसातला निघू.”

सकाळी ते दोघं गेले. तू येतेस का, असं कुणी विचारलं नाही. मी सहा बॅगांपाशी बसून राहिले. नऊच्या सुमाराला जिन्यावर तिचा आवाज ऐकू आला. ती भराभर बापाला काहीतरी सांगत होती, कुठल्याशा लाकडाबद्दल, आणि मध्येच हसत होती. फेब्रुवारीनंतर तिला तसं हसताना मी ऐकलं नव्हतं. मी उठून दार उघडलं. तिने मला पाहिलं आणि ती बोलायची थांबली.