आधी बाई बसायच्या

पिशवी मांडीवर घट्ट धरायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "हं, फिरवा."

जत्रेच्या पहिल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास, मैदानात चिटपाखरू नसताना, आमच्या गावच्या नर्सबाई एकेका पाळण्यात अशा एकट्याच बसायच्या. पांढरं पातळ, काळे बूट, चांगला भरलेला देह, आणि चेहरा कुणाची नाडी पाहत असल्यासारखा गंभीर. तीन फेरे झाले की हात वर करायच्या. उतरून दोन मिनिटं खांबाला धरून उभ्या राहायच्या आणि मग निकाल द्यायच्या.

निकाल तीनच होते. "दिसाले बरा हाये" हा सगळ्यांत खालचा. त्याच्यावर "पोट्ट्याईले चालते." आणि सगळ्यांत वरचा, क्वचित कुणाला मिळणारा, "मायले बसवीन."

तुम्ही म्हणाल, नर्सबाईंचा आणि पाळण्यांचा संबंध काय? तळेगावपासून कोसभरावर आमचं गाव. गावच्या देवळाच्या जत्रेत बाईंची ड्यूटी औषधपाण्याच्या तंबूत असे. पहिल्याच वर्षी भोवळ आलेल्या, ओकाऱ्या काढणाऱ्या बाया दिवसभर त्यांच्याकडे येत राहिल्या. पुढच्या वर्षी बाई सकाळीच पिशवी घेऊन मैदानात हजर. हा अधिकार त्यांना कुणी दिला नव्हता आणि पुढं कुणाची काढून घ्यायची हिंमतही झाली नाही. पाळणेवाले आपसांत हसायचे, पण बाई येताना दिसल्या की आधी तेलाचा डबा शोधायचे.

बाई बौद्ध होत्या. गावातल्या काही घरांत त्यांना ओसरीच्या पुढं कुणी बोलावत नसे. त्याच घरांतल्या बाया मात्र जत्रेत आधी तंबूशी येऊन विचारायच्या, "बाई, यंदा कोन्त्यात बसावं?" बाई शांतपणे सांगायच्या. एकदा मीच चिडून म्हणालो की यांना कशाला सांगता, तर म्हणाल्या, "भोवळ काय जात पाहून येते, भाऊ?"

मी तेव्हा ग्रामपंचायतीत कारकून होतो. जत्रेत कुठला पाळणा कुठं लागेल, हे ठरवायचं काम माझ्याकडं. सत्तर सालानंतर दरवर्षी काहीतरी नवीन यायला लागलं होतं. हातानं फिरवायचे लाकडी पाळणे मागं पडले, इंजिनावरचा आकाशपाळणा आला, मग रंगीत बल्ब आले. मला चित्रकलेची जरा हौस. मी वही करून प्रत्येक पाळण्याला दहापैकी गुण देत असे. रंगाला वेगळे, रोषणाईला वेगळे, आणि संध्याकाळी रांग पाहून गर्दीला वेगळे. आपण फार शास्त्रशुद्ध काम करतो आहोत, असं मला वाटायचं. बाईंना वही दाखवली की त्या चष्मा लावून पूर्ण वाचत आणि परत देत. "अक्षर चांगलं हाये तुमचं," एवढंच म्हणत.

"बाई, तुम्ही डोळे मिटून बसता. मग पाळणा कसा आहे ते कळतं कसं?" मी एकदा विचारलं.

"डोये उघडे ठेवले तं मानूस रंगच पाहत राह्यते," त्या म्हणाल्या. "डोये मिटले का पोटाले समजते."

फाटकाजवळची जागा सगळ्यांत मोक्याची. देवळातून बाहेर पडलं की समोरच. तिथं वर्षानुवर्षं नाचणगावच्या एका म्हाताऱ्याचे लाकडी घोडे लागायचे. आठ घोडे, एक खांब, आणि तो स्वतः दांडा धरून गोल चालायचा. घोड्यांचे कान तुटलेले, रंगाचे पोपडे उडालेले. माझ्या वहीत त्याला दहापैकी दोन. बाईंचा निकाल मात्र दरवर्षी एकच: "मायले बसवीन." मला वाटायचं, बाई म्हाताऱ्याची कीव करतात.

मग एका वर्षी ते जहाज आलं. मोराच्या तोंडाचं, दोन्ही अंगांना आरसे बसवलेलं, झोक्यासारखं वर जाणारं. ट्रकमधून उतरवतानाच अर्धं गाव गोळा झालं. मालकानं फाटकाजवळची जागा मागितली, आणि खरं सांगतो, त्यानं मागितली नसती तरी मी दिली असती. म्हाताऱ्याला मी मागं, बैलबंड्या सोडतात तिकडं जागा दाखवली.  तो घोडे एकेक करून डोक्यावरून घेऊन गेला.

बाई जहाजात बसल्या. उतरल्यावर या वेळी खांब जरा जास्तच वेळ धरून ठेवला. "दिसाले लय बरा हाये," त्या म्हणाल्या, आणि मग माझ्याकडं वळल्या. "घोडे कुठी गेले, भाऊ?"

मी सांगितलं. वर हेही सांगितलं की जमाना बदलला, लोकांना जे हवं ते पुढं ठेवावं लागतं.

"कोन्त्या लोकाईले?" त्यांनी विचारलं.

संध्याकाळी जहाजापुढं अशी रांग लागली की मी वही काढून गर्दीला दहापैकी दहा दिले आणि ती घेऊन मिरवत तंबूत गेलो. बाईंनी वही हातात घेतलीच नाही.

"चढनारे काऊन पाहता? उतरनारे पाहा. घंटाभर उभे राहा तिथं."

मला जरा राग आला. पण गेलो. उतरायच्या फळीजवळ उभा राहिलो, आणि थोड्या वेळानं लक्षात आलं की तेच ते चेहरे पुन्हा पुन्हा उतरताहेत. वीस-बावीस वर्षांची पोरं, धापा टाकत, हसत, परत रांगेत. बाया कुठं आहेत म्हणून मागं वळून पाहिलं, तर त्या देवळाच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. कडेवर लेकरं, हातात नारळाची वाटी, जहाजाकडं पाहताहेत. आणि त्यांच्यात, तिसऱ्या पायरीवर, माझी आई बसली होती.

परत तंबूत आलो तेव्हा बाई कुणाच्या तरी पायाला पट्टी बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमची माय दरसाल दर्शन झालं का एक फेरा घोड्यावर बसे. पांढऱ्या घोड्यावर. तुमाले ठाऊक नसन."

मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी जत्रेत वही घेऊन हिंडत होतो आणि माझी आई कशात बसते हे मला ठाऊक नव्हतं. घरी जाऊन तिला विचारलं की यंदा घोड्यावर बसली का नाहीस. ती आधी लाजली. "तुले कोनं सांगतलं?" म्हणाली. मग म्हणाली, "बैलाईच्या गर्दीतून तिकडं कोन जाते बाप्पा? पाह्यलं दुरून जहाज. चांगलं दिसते."

पुढच्या वर्षी म्हातारा आलाच नाही. बाईंनी सगळ्या पाळण्यांत बसून पाहिलं. बाया विचारायला आल्या तेव्हा त्यांच्याकडं सांगण्यासारखं काही नव्हतं. "यंदा दर्शन करा आन् घरी जा," एवढंच त्या प्रत्येकीला म्हणत राहिल्या. मला वाटलं होतं की त्या माझ्यावर चिडतील. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पावसाळ्यात त्यांची बदली झाली, हिंगणघाटकडं. एसटीवर पोचवायला मी गेलो होतो. ट्रंक टपावर चढवली. खिडकीशी बसून त्यांनी तीच पिशवी मांडीवर घट्ट धरली. गाडी सुरू झाली तेव्हा म्हणाल्या, "नाचनगावले जाऊन येजा, भाऊ."

जायला मला दिवाळी उजाडली. म्हाताऱ्याचे घोडे गुरांच्या कोठ्यात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली पडले होते. मी माफी मागितली, फाटकाजवळची जागा देतो म्हणालो. तो बराच वेळ घोड्यांवरची धूळ झटकत राहिला. मग येतो म्हणाला.

जत्रेच्या पहिल्या दिवशी अकरा वाजता मी मैदानात गेलो. फाटकाजवळ आठही घोडे लागले होते. म्हातारा दांड्याला हात लावून उभा होता आणि देवळाच्या वाटेकडं पाहत होता.

"बाई नाई आल्या अजून?"

बदलीचं त्याला सांगायचं मी विसरलोच होतो. आता सांगितलं. त्यानं मान हलवली, पण दांडा काही हलवला नाही. "बाई बसल्याबिगर म्या कधी सुरू नाई केला," तो म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "तुमी बसा मंग."

आजूबाजूला कुणी पाहत नाही ना, हे आधी पाहिलं आणि पांढऱ्या घोड्यावर बसलो. वही मांडीवर घट्ट धरली. डोळे मिटले. म्हातारा चालू लागला. त्याच्या पायांखालची माती वाजत होती, खांब हळूच कुरकुरत होता, वारा लागत होता न लागत होता. पाळण्यात लहानपणी निजवलं असेल तेव्हा असंच वाटलं असेल. तीन फेरे झाल्यावर हात वर करायचा होता, तो मी पाचव्याला केला.

"कसा हाये?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"मायले बसवीन," मी म्हणालो, आणि तडक घरी गेलो.

आई गहू निवडत होती. घोडे आलेत, फाटकापाशीच आहेत, चल, असं मी म्हणालो. तिनं सुपातून हात काढला नाही.

"बाई तं गेल्या. मंग बसून कोनं पाह्यलं?"

"म्या पाह्यलं."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "डोये मिटून?"

"हो. डोये मिटून."

तिनं सूप बाजूला सरकवलं. "थांब मंग," म्हणाली. "लुगडं बदलून येतो."