तलावात पडलेलं पॅनेल

त्या दुपारी पाऊस आलाच नाही, नुसता वारा आला. आमच्या गावच्या तलावाच्या पाळीवर मोहाचं जुनं झाड आहे. त्याची एक फांदी मोडून आमच्या सौर पॅनेलांच्या चौकटीवर पडली. मी आणि सर धावत पोचलो तेव्हा एक पॅनेल जागेवर नव्हतं. पाळीच्या दगडांवर फुटून ते खाली पाण्यात गेलं होतं.

आमची कंपनी म्हणजे मोजकी माणसं. सर गोंदिया शहरातले, चांगली नोकरी सोडून त्यांनी ही कंपनी काढलेली. मी केशोरीच्या बाजूच्या या खेड्यातली, रसायनशास्त्र शिकून त्यांच्याकडे लागलेली. नेहमीच्या सौर सेलमध्ये सिलिकॉन असतं; आमच्या सेलमध्ये दोन काचांच्या मधोमध शाईसारखा लावलेला एक काळा थर असतो. तो बनवायला सोपा आणि उन्हाला चांगला, पण ओल लागली की मरतो. काळ्याचा पिवळा होतो. म्हणून त्याची परीक्षा सगळ्यात दमट जागी घ्यायची, असं सरांनी ठरवलं. चहूकडे बांध घातलेली धानाची शेतं, म्हणजे बांध्या, मध्ये तलाव, अंगाला चिकटणारी हवा. याहून कठीण जागा कुठे शोधणार? पूर्ण पावसाळा बाहेर टिकलेली पॅनेलं दाखवा मग बोलू, असं आमची पॅनेलं घेऊ पाहणाऱ्या एका कारखान्यानं आम्हाला सांगितलं होतं. सगळं त्यावर अडलं होतं.

त्या काळ्या थरात शिसं असतं. थोडंच, पण असतं. काचांत बंद आहे तोवर काही होत नाही.

सर गुडघाभर पाण्यात उतरले आणि त्यांनी एक तुकडा वर काढला. त्याच्या कडा पिवळ्या पडायला लागल्या होत्या.

"पहले टुकडे निकालते हैं," ते म्हणाले. "गावात आत्ताच बोलू नको."

"सर, तुडूम उघडं आहे. पाणी बांध्यांत जाऊन राहिलं," मी म्हणाले. तुडूम म्हणजे तलावाचं पाणी शेतात सोडायचं पाळीतलं दार.

"माहीत आहे मला. तलाव केवढा, शिसं केवढं, तूच विचार कर. पण लोक शिसं हा शब्द ऐकतील आणि पुढचं काही ऐकणार नाहीत. सब खतम हो जायेगा."

ते खोटं बोलत नव्हते. एवढ्या पाण्यात ते शिसं बहुधा कुणाला बाधलं नसतं. मीही त्यांच्याबरोबर तुकडे वेचायला लागले. तेवढ्यात आमची शेजारीण म्हशी घेऊन तलावावर आली. पहिली म्हैस पाण्यात बसली, तिनं तोंड खाली घातलं, आणि मी ओरडले, "काकू, म्हशी काढा!"

"काऊन वो?"

"आधी काढा, मंग सांगते!"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा वाकून पाण्यात हात घातला.

मी तशीच मोठेबाबांकडे गेले. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमच्या पूर्वजांनी तलाव खोदले, आणि आजही कुणाच्या बांधीला कधी पाणी द्यायचं हे गावात तेच ठरवतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"जहर होय का?"

"जास्त असलं तर होय."

"काच फुटत नाही, असा म्हनला होता तुमच्या सायबानं."

"हो."

ते उठले, पाळीवर गेले आणि स्वतःच्या हातानं तुडूम बंद केलं. बांध्यांकडे जाणारी धार थांबली. धान तेव्हा गर्भात होता, ओंब्या बाहेर पडायच्या होत्या, पाणी हवंच होतं, आणि पावसानं दडी मारली होती.

संध्याकाळी देवळापुढे गाव जमलं. "आमचा धान मेला त तुमचा सूर्य खाऊ का?" एकानं विचारलं. कुणी हसलं नाही. सर ओल्या पँटीनंच उभे राहिले. "गलती हमारी है," म्हणाले, आणि मग मराठीत शिसं किती, कुठे पडलं, काय होऊ शकतं, हे सगळं त्यांनी सांगितलं. पाण्याची तपासणी होईपर्यंत मी इथून हलणार नाही, हेही सांगितलं.

नमुने नागपूरला गेले. तोवरचे दिवस वाईट गेले. आम्ही हातमोजे घालून चिखल उपसत होतो, चाळत होतो, तुकडे वेचून ड्रमात भरत होतो. पलीकडे बांध्यांना भेगा पडत होत्या. सर आमच्याच घरी राहत होते; मोठेबाबा त्यांच्यापुढे ताट ठेवत आणि उठून अंगणात जाऊन बसत. माझ्याशीही बोलत नसत. धान वाळताना पाहून मला वाटायचं, मी ओरडलेच नसते तर? आणि लगेच ती वाकलेली म्हैस दिसायची.

अहवाल आला. पाण्यात धोका नव्हता. पॅनेल पडलं तिथल्या गाळात शिसं सापडलं. तो गाळ बराचसा आम्ही आधीच उपसला होता, आणखी उपसला. तुडूम उघडलं. पण उंचावरच्या बांध्यांतला धान पोचट गेला तो गेलाच.

पाळीवर आता काही लावायचं नाही, असं गावानं ठरवलं. आमची परीक्षा अर्धवट सुटली, कारखान्यानं तोंड फिरवलं. सरांनी पॅनेलची मागची बाजू बदलली. काच फुटली तरी शिसं धरून ठेवील असा पापुद्रा त्यात बसवला. त्यालाही ओला पावसाळा हवाच होता. पण कुणाकडे जागा मागायला आम्हाला तोंडच उरलं नव्हतं.

मोठेबाबाच एक दिवस म्हणाले, "आपल्या घरावर लावा. पडला त आपल्याच आंगनात पडन."

चौकट चढवताना शिडी त्यांनीच धरली. खाली पसरायची ताडपत्रीही आणून दिली. कारखान्याला आम्ही पुन्हा लिहिलं आहे; तिकडून अजून काही कळलेलं नाही.