कॅनडाला जाणाऱ्या घराचं वाळवण

"किती माणसांचं करायचं?" मी विचारलं.

"तिघांचं," अश्विनीवहिनी म्हणाल्या.

"चौघांचं," सुमनकाकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मले मोजतच नाही काय वं?"

प्रशांतभाऊंच्या हातात बॅग मोजायचा लटकता काटा होता. तो त्यांनी खाली ठेवला. माझ्यासमोर उडदाच्या डाळीचं पोतं उघडं होतं आणि माप हातात तसंच राहिलं. भरावं की नाही, कळेना.

माझं काम वाळवणाचं. उन्हाळ्यात लोकांच्या घरी जाऊन कुरडया, पापड, शेवया, बाजरीच्या खारोड्या करून द्यायच्या. मी अमडापूरची. सोबत शकीला असते. साचा दाबायला तिच्याएवढा जोर माझ्या हातात आता राहिला नाही. आधी गावातली आणि चिखलीतली नेहमीची घरं असायची. आता बाहेर देशात निघालेल्यांच्या ऑर्डरी फार येतात. कोणी अमेरिकेला, कोणी जर्मनीला. त्या घरांत गेलं की जमिनीवर उघड्या बॅगा दिसतात आणि बॅगांच्या पलीकडे खुर्चीवर कोणीतरी म्हातारं माणूस काहीतरी निवडत बसलेलं दिसतं. तांदूळ तरी, नाहीतर जुने फोटो.

वाळवण माणसांवर ठरतं. घरात माणसं किती, त्यावर वर्षाचे पापड, वर्षाच्या कुरडया. म्हणून हा माझा पहिला प्रश्न असतो. या घरी तो मागे पडला, कारण सुमनकाकूंनी फोनवरच सांगितलं होतं, "गहू मी माह्या अंदाजानं भिजू घालतो. तू पापडाच्या डाळीसाठी ये." कुरडईचा गहू तीन दिवस भिजवावा लागतो. रोज पाणी बदलायचं. मी गेले तो तिसरा दिवस होता.

सुमनकाकूंकडे मी बऱ्याच वर्षांपासून जाते. नवरा वारल्यावर त्यांनी एकटीनं मुलगा आणि मुलगी वाढवली. चिखलीतलं ते तीन खोल्यांचं घर त्यांच्याच नावावर. मुलगी जालन्याला दिली. मुलगा म्हणजे प्रशांतभाऊ, ते पुण्यात कंपनीत होते. आता कॅनडाचं जमलं होतं, कायमचं. बायको अश्विनीवहिनी आणि लहान मुलगी स्वरा यांना घेऊन ते आवराआवरीसाठी चिखलीला आले होते.

काकू त्या वर्षी मला वेगळ्याच दिसल्या. पांढरे कापडी बूट आणले होते. नऊवारीखाली बूट घालून रोज सकाळी गच्चीवर फेऱ्या मारायच्या.

"तिकडं चप्पल चालत नाही म्हंते," त्या मला म्हणाल्या होत्या. "बरफात पाय घसरते. आतापासून सवय कराव लागते."

"बर्फात नऊवारी चालते का, काकू?" शकीलानं विचारलं होतं.

"चालवू. नाही चालली तं तुहा पंजाबी ड्रेस देजो."

लोणच्याच्या बरण्या त्यांनी शेजारणींना वाटल्या होत्या. तुळशीची कुंडीसुद्धा पलीकडच्या घरी गेली होती. पासपोर्ट निघाला होता. फोटोत डोक्यावरचा पदर काढायला लावला म्हणून त्या चिडल्या होत्या. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. म्हणजे घरातल्यांनाही दिसतच होतं.

प्रशांतभाऊंनी सकाळीच मला बजेट समजावून सांगितलं होतं. मला समजेल असं सांगितलं, हे मान्य केलं पाहिजे. "लताताई, कायमचं जायचं म्हणजे पैसे दोन प्रकारे मोजायचे. एक इथला खर्च, एक तिकडचा. नोकरी लागेपर्यंत तिकडे पगार नाही. घरभाडं मात्र पहिल्या दिवसापासून." आणि दुसरा हिशेब वजनाचा. एका बॅगेत तेवीस किलो, माणशी दोन बॅगा. जे इथं स्वस्त आणि तिकडं महाग, ते न्यायचं. चष्मे, मसाले, कुकर. जाड जाकिटं न्यायची नाहीत, ती तिकडं चांगली मिळतात. पापड हलका, म्हणून पापड जास्त. लोणचं जड आणि सांडतं, म्हणून लोणचं नाही. मला त्यांचं पटलं. मीही ऑर्डर घेताना असाच विचार करते.

तिकडचं पहिलं वर्ष कशावर निघणार, तेही त्यांनी सांगितलं होतं. हे घर विकून. गिऱ्हाईक ठरलं होतं. सोमवारी येऊन इसार देणार होतं. सही काकूंची लागणार होती.

आणि आता मी मधेच माणसं विचारली.

काकू हात पुसत बाहेर आल्या. पायात ते बूट होतेच.

"आई, आत चल. बोलू आपण," प्रशांतभाऊ म्हणाले.

"इथीच बोल. लता काई परकी नाही."

मला वाटलं, परकी असते तर बरं झालं असतं. उठून गेले असते. शकीला दाराबाहेर जाऊन चपला नीट लावू लागली. त्या नीटच होत्या.

प्रशांतभाऊंनी सांगितलं. सरळच सांगितलं, पण खाली बघून. आईला तिकडं कायमचं नेता येत नाही. तसा कागद लवकर मिळत नाही. फिरायला नेता येईल, काही महिने, तेही आपण तिकडं स्थिर झाल्यावर. या वयाचा दवाखान्याचा विमा तिकडं फार महाग. तोवर जालन्याला ताईकडं राहायचं. ताईशी बोलणं झालं आहे.

"ताईशी झालं," काकू म्हणाल्या. "अन् मह्याशी?"

"सांगणारच होतो. तू इतकी खुशीत होतीस..."

"मंग पासपोर्ट काऊन काढला?"

"फिरायला यायला लागतोच ना, आई."

काकू खुर्चीवर बसल्या. डाळीच्या पोत्याकडे बघत होत्या. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"असं पाह्य प्रशांत," त्या म्हणाल्या. "घर विकाच्या हिशेबात मी हावो, अन् पापडाच्या हिशेबात नाही?"

प्रशांतभाऊंनी काटा उचलला आणि परत खाली ठेवला.

"सोमवारच्या माणसाले फोन कर. म्हणा, येऊ नको."

"आई, सगळं प्लॅनिंग त्यावर आहे."

"मले तं प्लॅनिंग आता समजलं. मले कराले वेळ पाह्यजे का नाही?"

मी पोत्याचं तोंड बांधलं. निघावं म्हणून उभी राहिले. पण एक गोष्ट बोलावीच लागणार होती आणि ती बोलायला मला फार जड गेलं. चार माणसांत मला आवाज फुटत नाही. तरी म्हणाले, "काकू, गहू भिजलेला आहे."

भिजलेला गहू कोणासाठी थांबत नाही. तिसऱ्या दिवशी वाटून त्याचा चीक काढावाच लागतो. चीक म्हणजे गव्हाचं दाट दूध. तो रात्रभर खाली बसू द्यायचा, सकाळी वरचं पाणी ओतून शिजवायचा. एक दिवस उशीर झाला की आंबतो आणि कुरडई लाल पडते. घरात काहीही होवो.

"गव्हाचा काय दोष?" काकू म्हणाल्या. "वाट."

आम्ही वाटला. दुपारभर मिक्सरचा आवाज होता म्हणून बरं. बोलायची गरज पडली नाही. अश्विनीवहिनी फडक्यातून चीक गाळत होत्या, काकू चोथा पिळत होत्या. एकाच पातेल्यावर दोघी. एकमेकींकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी उन्हं यायच्या आत गच्चीवर चूल पेटवली. चीक शिजवायला दोघी लागतात. एकीनं उकळत्या पाण्यात धार सोडायची, दुसरीनं लाकडी दांड्यानं घाटायचं, म्हणजे थांबू न देता ढवळायचं. धार तुटली की गाठी होतात. आमच्याकडे रीत अशी, की हे काम घरच्या बायांनी करायचं, आम्ही साचा धरायचा. काकूंनी दांडा घेतला. धार वहिनींकडे आली.

"धार तोडू नका, भाभी," शकीला म्हणाली. "भांडण नंतर करा, गाठी आत्ता होतील."

वहिनींनी धार धरली. मग त्या हळूच मला म्हणाल्या, "लताताई, मी यांना कितीदा म्हटलं, आईंना सांगून टाका."

काकूंना ऐकू गेलं. "तू काऊन नाही सांगतलं?"

"मुलानं सांगायला पाहिजे ना, आई. मी सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, सूनच नाही म्हणते."

काकू घाटत राहिल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "म्हटलंच असतं मी. धार बारीक कर."

चीक शिजला. पहिला वाटा रीतीप्रमाणे खायला काढला, गरम, वर तूप-साखर. स्वरा नाचत खाऊन गेली. मोठ्यांपैकी कोणी वाटी उचलली नाही. शकीला म्हणाली, "इतना अच्छा चीक और सबके मुँह कडू." तिनं स्वतःची वाटी संपवली आणि माझीही.

कुरडया घातल्या. गच्ची पांढरी झाली. प्रशांतभाऊ वर आले, तेव्हा काकूंनी त्यांच्या हातात काठी दिली. "पाखरं हाकल." दुपारपर्यंत ते टोपी घालून तिथंच बसले होते. एजंटचा फोन आला, बँकेतून आला, गिऱ्हाइकाचा आला. बोलता बोलता काठी हलवत होते. मी साचा धूत होते, त्यामुळे ऐकू येत होतं. "नाही, घर नाही विकत आत्ता. हो. प्लॅन बदललाय." त्यांचा चेहरा उतरला होता. मला त्यांचीही दया आली. माणूस वाईट नव्हता. सांगायचं राहून गेलं होतं आणि मग रोज थोडं थोडं अवघड होत गेलं असणार.

संध्याकाळी गच्चीवरच त्यांनी आईसमोर नवा हिशेब मांडला. घराचे पैसे नाहीत तर तिघांचं वर्ष निघत नाही. एकट्याचं निघतं. आधी ते एकटे जातील. नोकरी लागली की वहिनी आणि स्वरा. तोवर त्या दोघी चिखलीला, काकूंजवळ.

"अन् मी?" काकूंनी विचारलं.

"तू इथंच. तुझ्या घरात."

"मले तिकडं याचं होतं रे," काकू म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला. "घराचं काय घेऊन बसला."

प्रशांतभाऊ त्यांच्या पायाशी बसले. मी आणि शकीला खाली उतरलो. पुढचं आमच्या कामाचं नव्हतं.

कुरडया वाळल्यावर काकूंनी त्यांचे स्वतः चार वाटे केले. एक मुलाच्या बॅगेत गेला. दोन डब्यांत भरून ठेवले, सुनेचा आणि नातीचा. चौथा वेगळ्या डब्यात. "हा माहा," म्हणाल्या.

पापड मात्र एकट्याचेच झाले. बाकीची डाळ पोत्यात राहिली. माझं आठवड्याचं काम तीन दिवसांत संपलं. निघताना प्रशांतभाऊ म्हणाले, "लताताई, तो प्रश्न तुम्ही सगळ्यांसमोर विचारायला नको होता."

मला उत्तर नेहमी एसटीत बसल्यावर सुचतं. शकीला म्हणाली, "भाऊ, माणसं विचारल्याबिगर पापड कसे लाटाचे?" त्यावर ते हसले. थकलेलं हसू होतं, पण हसले.

ते गेले. पुढे दिवाळीनंतर वहिनी आणि स्वराही गेल्या. मला फोनवर कळलं. काकू घरातच आहेत. मधे एकदा अमडापूरच्या बाजारात भेटल्या. पायात तेच पांढरे बूट, आता मातकट झालेले. "चालाले बरे पडते," म्हणाल्या. कॅनडाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही. मेथी घेतली आणि गेल्या.

तेव्हापासून मी कामात एक बदल केला. बाहेर देशात निघालेलं घर असलं की मी माणसं विचारत नाही. किलो विचारते. किती किलो कुरडई, किती किलो पापड. लोकांनाही ते सोपं वाटतं, कारण त्यांच्या डोक्यात बॅगाच असतात. किलो सांगताना कोणाचा चेहरा पडत नाही. काम लवकर सुरू होतं आणि मी वेळेवर घरी येते. शकीला म्हणते, वाण्यासारखं वाटतं. वाटू दे.

या उन्हाळ्यात काकूंचा फोन आला. "लता, यंदाचं कराचं हाय. कवा येतं?"

सवयीनं मी विचारलं, "किती किलो, काकू?"

"किलो काय विचारतं वं? मी काय दुकान लावलं? माणसं विचार."

मग विचारलं, "किती माणसांचं?"

"चौघांचं," काकू म्हणाल्या.

त्या घरात आता त्या एकट्या राहतात. तिघांचे वाटे कॅनडाला पाठवायचे तर कुरिअरवाला किलोनं पैसे घेतो, आणि ते कुरडईपेक्षा जास्त होतात. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना माहीत असणार. मी म्हणाले, "मग गहू चौघांचा भिजू घाला. तिसऱ्या दिवशी येते."