हत्तिणीचं डोहाळजेवण

माझं डोहाळजेवण एका हत्तिणीबरोबर झालं. हे सांगितलं की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात, मग सुनेकडे वळून डोळ्यांनीच विचारतात, म्हातारीला भ्रम झालाय का. म्हणून आता लिहूनच ठेवते. कल्याणातल्या तेव्हाच्या ज्या बायका उरल्यात त्या माझी साक्ष देतील. ज्या उरल्या नाहीत त्यांनीच तर हा सगळा उद्योग केला होता!

आगगाडीचं नवल संपलं होतं आणि गावाला नवं काहीतरी हवंच होतं. त्यात शिमगा झाल्यावर सर्कस आली. आमच्या परसाच्या भिंतीपलीकडे मोकळं मैदान होतं, तिथं तंबू उभा राहिला. म्हातारा वाघ, चार घोडे, तारेवरून चालणारी मालकाची बायको आणि एक हत्तीण. हत्तीण नेमकी आमच्या भिंतीला लागून बांधली होती.

मी सोळा वर्षांची, पहिलटकरीण, सातव्यात. मला चिंचेचे असे डोहाळे लागले होते की सासूबाई सुपात चिंचा वाळत घालायच्या आणि मी येता-जाता सूप हलकं करायचे. एका दुपारी मी अशीच भिंतीच्या सावलीला चिंचा खात बसले होते, तर वरून एक सोंड आली, सुपातून फिरली आणि अर्ध्या चिंचा घेऊन परत गेली. मी किंचाळले. मग इतकी हसले की सासूबाई हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आल्या. त्या दिवसापासून रोज दुपारी आमची दोघींची पंगत बसू लागली.

पुढं आम्ही बायका खेळ बघायला गेलो. आमच्यासाठी पडदा लावलेला कोपरा होता. घोड्यांना बघून मी टाळ्या पिटल्या, तारेवरच्या बाईला बघून तोंडात बोटं घातली. मग माझी मैत्रीण आली. पाटाएवढ्या एका चौरंगावर तिला चारही पाय गोळा करून उभं केलं आणि वर पुढचे दोन उचलायला लावले. तिचे मागचे गुडघे लटलट कापत होते. ती थांबली की कानामागे अंकुश. लोक खदखदा हसत होते. मला राग आला की मी उभी राहते, ही माझी लहानपणापासूनची खोड. मी उभी राहिले आणि ओरडले, "पुरे करा! उतरवा तिला!"

बँड वाजत होता म्हणून माझी अब्रू वाचली. शेजारी बसलेल्या सासूबाईंनी मात्र ऐकलं होतं. शेवटी मालकानं जाहीर केलं की रामनवमीला गावच्या तालमीतले पैलवान आणि हत्तीण यांची रस्सीखेच होईल. तालीमवाले तिथंच दंड थोपटू लागले. घरी येताना सासूबाई झपाझप पुढं चालत होत्या. आता आपली धडगत नाही, असं मी धरून चालले होते. दारात पाय धुताना त्या म्हणाल्या, "कानामागं जखम आहे गं तिच्या. चांगली बोटभर खोल. त्यात आणखी दोर ओढायला लावणार म्हणे."

मामंजी वकील होते. सासूबाईंनी त्यांना सांगितलं, त्यांनी वाचनालयात सभा भरवली. सभेत सगळ्यांनी भूतदयेवर भाषणं केली. मग मामलेदारांना द्यायचा अर्ज मराठीत लिहावा की इंग्रजीत, यावर दोन तट पडले. सभा तहकूब झाली. दुसऱ्या सभेत कळलं की मामलेदारसाहेब स्वतःच रामनवमीला पहिल्या रांगेत बसणार आहेत. तिसरी सभा भरलीच नाही.

"यांचा ठराव होईस्तोवर ती मरेल," सासूबाई म्हणाल्या आणि परसात माझ्याशेजारी येऊन बसल्या. तेवढ्यात सोंड आली. सासूबाईंनी सोंडेकडे पाहिलं, चिंचांकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं. मग भिंतीवरून डोकावून तिच्या पोटाकडे पाहिलं. त्यांचे डोळे असे काही चमकले की मी अजून विसरलेले नाही.

"अगं बाई! हिलाही दिवस गेलेत की!"

अर्ध्या गल्लीची बाळंतपणं केलेली बाई ती. तिच्यापुढं बोलायची कुणाची टाप होती? त्यांनी तिथूनच माहुताला हाक मारली आणि कितवा महिना म्हणून विचारलं. तो हैदराबादकडचा. त्यानं आधी आमच्याकडे, मग हत्तिणीकडे बघितलं. दाढीतल्या दाढीत हसला आणि म्हणाला, "हथिनी के पेट की कौन जाने, माई? दो-दो साल लगते हैं."

"ऐकलंस ना?" सासूबाई मला म्हणाल्या. "नाही म्हणाला नाही."

माझं डोहाळजेवण ठरलेलंच होतं. आमंत्रणं गेली होती. सासूबाईंनी ते घरातून उचललं आणि तंबूपुढच्या मैदानात नेलं, तेही रामनवमीच्या आदल्या दिवशी. गावच्या बायका नटूनथटून आल्या. मी हिरव्या साडीत पाटावर आणि शेजारी ती! तिला पुरेल असं हिरवं लुगडं कुठून आणायचं? मग घरोघरचे हिरवे खण गोळा करून टाचले आणि पाठीवर घातले. कपाळाला हळदकुंकू लावायला सासूबाईंना शिडी लागली. शिडी धरायला माहूत, आणि माहूत लाजून लाल.

ओटी भरायची वेळ आली आणि घोळ झाला. हिला पदर कुठला? एक म्हणाली सोंडेला बांधा, दुसरी म्हणाली पायाशी ठेवा. शेवटी सूप पुढं केलं. तिनं तांदूळ खाल्ले, नारळ पायाखाली फोडून खाल्ला आणि वर खणही खाऊन टाकला. मग आमच्यापुढं झाकलेल्या वाट्या आल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मी झाकण काढलं तर बर्फी. तिनं दोन्ही वाट्या झाकणांसकट उपड्या केल्या आणि पेढाही खाल्ला, बर्फीही खाल्ली.

"जुळं गं बाई, जुळं!" बायका ओरडल्या. हसून हसून माझ्या पोटात कळ आली तशा सगळ्या घाबरल्या, आणि नुसतं हसणंच आहे हे कळल्यावर पुन्हा हसत सुटल्या. इतकी सुखी मी त्या घरात आल्यापासून कधीच नव्हते.

गलका ऐकून तारेवर चालणारी मालकाची बायको बाहेर आली. आम्ही तिला हळदकुंकू लावलं, बसवलं, उखाणा घ्यायला लावला. तिला कुठल्या गावात कुणी असं बसवलं नसावं. पाठोपाठ मालक आला तो आरडाओरडा करतच.

"ओटी भरलेली आहे तिची," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "आता उद्या तिला दोर ओढायला लावून दाखवा."

संध्याकाळपर्यंत ही बातमी गावभर झाली. ज्या घरची बाई ओटी भरून आली होती त्या घरच्या पुरुषाची खेळाला जायची हिंमत नव्हती. तालमीच्या वस्तादांनी तर हातच टेकले. ते म्हणाले, "गर्भार बाईशी कसली रस्सीखेच? हरलो तर लाज, आणि जिंकलो तर त्याहून लाज." रामनवमीला तंबूत बँडवाले आणि मामलेदार एवढेच होते, असं ऐकलं.

मालक दुसऱ्या दिवशी आमच्या ओसरीवर आला. थोडे दिवस तिला आराम देतो, मग नाशिकला हलतो, असं म्हणाला. सासूबाई दाराआडून बोलत होत्या.

"सातवा भरला की पहिलटकरीण माहेरी जाते. हिचं माहेर कुठं?"

मालक गोंधळला. दक्षिणेत कुठल्याशा रानात धरली म्हणे.

"तेवढ्या लांब या दिवसांत नको. आमच्या सुनेचं माहेर टिटवाळ्याला आहे. गणपतीचं देऊळ आहे, तळं आहे, सावली आहे. तेच हिचं माहेर."

मालक तयार होईना. तेव्हा त्याची बायको हळूच म्हणाली, "अहो, पावसाळ्यात तंबू मिटला की हिच्या चाऱ्याचं काय करणार आहात?" मालकानं डोकं खाजवलं. मग बाळंतपण झालं की न्यायला येईन, असं सांगून तो उठला.

"झाल्यावरच या," सासूबाई म्हणाल्या. "आधी कुणी नेत नाही."

माझा थोरला भाऊ गाडी घेऊन आला. पुढं आमची बैलगाडी, मागं ती आणि माहूत. पोचवायला निम्मं कल्याण नदीपर्यंत आलं होतं. नदीच्या उथळ उतारातून जाताना पाण्याच्या मध्यावर बैल अडले, तर हिनं मागून कपाळ लावलं आणि गाडी पार पलीकडे काढली. अलीकडच्या काठावरून सासूबाई जिवाच्या आकांतानं ओरडत होत्या, "अगं, सातव्यात ओझं ढकलू नये! अगं, कुणीतरी सांगा तिला!"

टिटवाळ्याला आईनं आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळला. तो टाकायचा असतो, पण टाकायच्या आत हिनं खाऊन टाकला. मला मुलगी झाली. हत्तीण दुपारभर तळ्यात बसून राहायची. आई ओट्यावर चढून तिच्या कानामागं हळद-तेल लावायची. दसऱ्यापर्यंत जखम भरून आली. मी बाळाला घेऊन तळ्याच्या काठी बसायचे आणि ती आमच्या दोघींवर पाणी उडवायची.

दिवाळी झाल्यावर मालकाचा माणूस तिला न्यायला आला. आईनं त्याला पाणी दिलं, गूळ दिला.

"अजून व्हायचंय," ती म्हणाली.

"पण बाई, इतके महिने..."

"दोन वर्षं लागतात. तुमचाच माहूत म्हणाला होता."

माहुतानं गंभीर चेहऱ्यानं मान हलवली. "बाळंतपण झाल्याशिवाय लेक माहेराहून जात नाही," आई म्हणाली आणि तिनं विषय संपवला. तो माणूस पुढच्या वर्षीही आला, त्यालाही हेच उत्तर मिळालं. मग सर्कस कुठं देशोधडीला लागली कोण जाणे, कुणी आलं नाही.

पण मला सासरी न्यायला गाडी आली ती त्या पहिल्याच दिवाळीनंतर. माझं सगळं वेळेवर आणि रीतसर झालं होतं. आईनं ओटी भरली. मी पोरीला मांडीवर घेऊन गाडीत बसले, पोचवायला थोरला दादा बरोबर होता. हत्तीण गळ्यापर्यंत पाण्यात होती आणि सोंडेनं पाठीवर पाणी घेत होती. तिला कसली घाई नव्हती. तिच्यासाठी मी भर सर्कशीत उभी राहून ओरडले होते, आणि तिला अशी बघून मला फार, फार बरं वाटलं. मग गाडी हलली.

"दादा," मी म्हणाले, "माझंही अजून व्हायचंय म्हणून सासरी सांग ना."

दादा हसला. मीही हसले. बैल काही थांबले नाहीत.