अंगणातली चौकट

नागपूरच्या माझ्या धाकट्या जावेला मोबाईलवरच्या ॲपनं फोटोभोवती गुलाबांची चौकट लावल्याशिवाय चैन पडत नाही. माझा साधा फोटो दिसला की घरच्या ग्रुपवर लगेच लिहायची, “फ्रेम तरी लावत जा ना ताई!” मला ते फार झोंबायचं.

आमचे हे प्लान्टमधून रिटायर झाले, तेव्हा रिसालीतल्या आमच्या घराच्या अंगणात मी यांना खुर्चीवर बसवलं आणि भोवती कमळांची मोठी चौकोनी रांगोळी काढली.

“मले उन्हात कावून बसवून राहिली?” हे ओरडले.

तोवर मी मोबाईल घेऊन गच्चीवर पोहोचले होते. “वर पाहा जी, हसा!”

फोटो टाकताच जावेनं विचारलं, “ताई, हे कोणतं ॲप आहे?”

मी लिहिलं, “अंगण. तुया फ्लॅटमधे नाही चालत.”