हितनंच दावा की

आमच्या सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, हळू बोलता यायचं नाही. ते कुणाच्या कानात काही सांगायला लागले की गल्लीच्या टोकाचा न्हावी कात्री थांबवून ऐकायचा. मला बघायला आले तेव्हा "पोरगी पसंत हाय, पर तिच्या बापाला आत्ताच सांगू नगा," असं ते भावाशी कुजबुजले आणि माझ्या वडिलांनी ते परसात ऐकलं.

कोल्हापुरात आमचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. कारखाना म्हणजे घराचा पुढचा सोपा आणि अंगणावर टाकलेले पत्रे. हंगाम आला की आप्पा दारात उभे राहून आरोळी ठोकायचे, "या की पावणं, बघून तरी जावा!" रंगकाम माझ्याकडे आणि घासकाम यल्लूबाईंकडे. निपाणीकडचं माहेर असलेल्या या बाई पॉलिश पेपरच्या एवढ्याशा तुकड्यानं मूर्तीची बोटं, कान, सोंडेचं वळण असं घासायच्या की माझा ब्रश कुठं अडायचा नाही. जेवताना त्यांचं ताट आमच्याच ओळीत असायचं.

प्लास्टरची धूळ वाईट. म्हणून आप्पा दर हंगामाला राजारामपुरीतून मास्कचा खोका आणायचे. "आधी नाक झाका, मग देवाला हात लावा," हे त्यांचं रोजचं वाक्य. मीच कधी विसरले तर सगळ्या गल्लीला कळेल अशा आवाजात ते ऐकून घ्यावं लागे.

पुण्यात स्वाइन फ्लू आला त्या वर्षी खोका मिळाला नाही. आप्पांनी दुकानं पालथी घातली. नेहमीचा दुकानदार म्हणाला, "आप्पा, माल उतरायच्या आधी संपतोय. कारखान्यासाठी कुठला ठेवू?" शेवटी यल्लूबाईंनी नाकाला पदर बांधला, आप्पांनी टॉवेल. धूळ जायची ती जायचीच. श्रावणात दोघांनाही खोकला लागला.

त्या दिवसांत खोकल्याची काय दहशत होती, आठवून बघा. एसटीत कुणी शिंकलं तर शेजारची सीट रिकामी व्हायची. आमच्याकडं दरवर्षी मूर्ती नेणारं एक कुटुंब यल्लूबाईंचा खोकला ऐकून चहा तसाच टाकून गेलं. मग दुसरं गेलं. वर्षाचं पोट त्या दीड महिन्यावर. आप्पा म्हणाले, "यल्लूबाई, जरा रस्त्यापलीकडं झाडाखाली बसता काय? गिऱ्हाईक बिचकतंय."

"बरं की, मालक," म्हणून त्या पोतं घेऊन उठल्या. स्वतःला उबळ आली की आप्पा मात्र पहिल्या दिवसापासून आतल्या खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसायचे, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

मग एका मंडळाची पोरं मोठी मूर्ती ठरवायला आली. एकानं झाडाकडं बोट केलं. "ती बाई तुमच्यातलीच काय?"

"न्हाय हो पावणं! आजारी हाय ती. आमी आत येऊ देत न्हाय तिला."

मूर्ती ठरली. आप्पांना हळू बोलता यायचं नाही, हे मी सांगितलंच आहे.

यल्लूबाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. संध्याकाळी त्यांनी घासलेल्या मूर्ती पायरीवर आणून ठेवल्या आणि दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. आप्पा बोलवायला गेले, मीही सोबत होते. त्या दारातूनच म्हणाल्या, "नगं मालक. माझा खोकला वंगाळ हाय. तुमच्यात लेकरंबाळं हायत."

"अवं, धूळ हाय ती. प्लास्टरची."

"मग तुमास्नी कसा न्हाय झाला?"

आप्पा टॉवेल तोंडाशी धरून घराकडं वळले.

दिवाळीपर्यंत मास्क पुन्हा मिळू लागले. आप्पांनी एक कोरा मास्क यल्लूबाईंच्या जागेवरच्या खिळ्याला अडकवला आणि तो कुणाला वापरू दिला नाही. दारातली आरोळी बंद झाली. अपराधाची ती टोचणी त्यांनी बोलून कधी दाखवली नाही, पण खिळ्याकडं पाठ करून ते कधी बसलेही नाहीत. यल्लूबाई दरवर्षी गणेश चतुर्थीला घरच्या गणपतीसाठी यायच्या, पायरी मात्र चढायच्या नाहीत. रस्त्यावरून म्हणायच्या, "हितनंच दावा की, मालक." आप्पा मूर्ती उचलून अनवाणी खाली जायचे, त्यांच्या पाटावर ठेवायचे आणि म्हणायचे, "आत या की." आप्पांना हळू बोलता येतं, हे मला तेव्हा कळलं.

त्यांच्या शेवटच्या गणपतीला ते अंथरुणावर होते. मूर्ती घेऊन मी खाली गेले. तेवढ्यात आतून उबळ ऐकू आली, जुनी, छातीच्या तळातून आलेली. यल्लूबाईंनी मान वर केली.

"कोन खोकतंय?"

"आप्पा."

"कवापास्नं?"

खोटं बोलायला मला सुचलं नाही. "तुम्ही झाडाखाली बसत होता तेव्हापासून."

त्या मूर्तीच्या बोटांवरून अंगठा फिरवत राहिल्या. मग त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं.

"मग मला एकलीलाच का भाईर बसिवलासा?"

आतला खोकला एकदम दबला. आप्पांनी उशी तोंडाशी घेतली होती.